पुण्यातल्या घराची हवा: खिडकी, चिमणी, प्युरिफायर आणि फिल्टर

अख्ख्या फ्लॅटची हवा एकाच वेळी स्वच्छ करायला निघालं की सहसा कुठलीच खोली धड होत नाही. हॉलमध्ये एक मशीन, म्हणजे एअर प्युरिफायर, बाल्कनीचं दार उघडं, स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं. अशा ठिकाणी मशीन दिवसभर चालूनही पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांचा, आकडा फारसा हलत नाही. म्हणून आधी एकच खोली घ्या, झोपायची. तिथे आपण सलग सात-आठ तास असतो, दार-खिडक्या बंद करता येतात आणि हवेचं घनफळ आटोक्यात असतं. घरात दमेकरी, लहान मूल किंवा वयस्कर कुणी असेल तर सुरुवात त्यांच्या खोलीपासून करा.

कामाचा क्रमही ठरलेला आहे: घरात तयार होणारा धूर कमी करायचा, खिडक्या योग्य वेळी उघडायच्या-मिटायच्या, आणि मग उरलेल्या धुळीसाठी मशीन. हा क्रम उलटा केला तर फिल्टरवरचा खर्च वाढतो आणि हवा तेवढीच राहते.

खिडकी कधी उघडायची

पहाटे उठून खिडक्या सताड उघडायच्या, ही आपली जुनी सवय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुण्यात ती बदलायला हवी. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो, आणि रात्रीच्या वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर त्याखाली साठतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत हे टिकतं. ऊन तापलं की हवा वर उचलली जाते आणि धूर विरतो. त्यामुळे हिवाळ्यात साधारण दुपारी एक ते पाच ही खिडक्या उघडण्याची वेळ. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीस मिनिटं उघडल्या तरी खोलीतली हवा बदलते.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. जून ते सप्टेंबर पावसाने हवा धुतली जाते आणि बहुतेक दिवस बाहेरची हवा घरातल्यापेक्षा चांगली असते. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, मशीनला सुट्टी द्या. मार्च ते मे वाऱ्याबरोबर बांधकामाची आणि मुरुमाची धूळ येते. ती बरीचशी मोठ्या कणांची असते आणि दुपारच्या वाऱ्याला जास्त असते, म्हणून या दिवसांत दुपारऐवजी सकाळी उशिरा खिडक्या उघडा.

आकडे बघायचे तर पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा आहे. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी, निगडी अशा ठिकाणी तिची केंद्रं आहेत. जवळच्या केंद्रावरचा पीएम २.५ बघा. भारतीय मानकाप्रमाणे २४ तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. झोपायच्या खोलीत १५ च्या आसपास राहणं हे योग्य मशिनने साधण्याजोगं उद्दिष्ट आहे. मात्र तुमच्या इमारतीशेजारी पाया खोदाई किंवा तयार काँक्रीट बनवणारा आरएमसी प्लँट सुरू असेल, तर दूरच्या केंद्राचा आकडा तुमच्या खिडकीपाशी लागू पडत नाही. त्यासाठी लेझर सेन्सरचा छोटा मीटर घरात ठेवलेला बरा.

घरातलाच धूर

मच्छर कॉइलपासून सुरुवात करा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघाल्याचं मोजलं गेलं. बंद खोलीत कॉइल लावून शेजारी प्युरिफायर चालवण्यात काही अर्थ नाही. खिडकीला घट्ट जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा त्यावरचा खरा उपाय.

देवघरातली उदबत्ती आणि धूप बंद करा असं कुणी सांगण्याची गरज नाही. पद्धत थोडी बदलली की पुरतं. एकच उदबत्ती, पूजेपुरती, नंतर विझवून टाकायची, आणि त्या वेळी जवळची खिडकी उघडी. धुपाचा कोन उदबत्तीपेक्षा बराच जास्त धूर देतो, तो सणावारालाच ठेवा. समईची वात काजळी धरत असेल तर ती कातरून लहान करा.

स्वयंपाकघराकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. फोडणी, तळण आणि तव्यावर करपणारं पीठ या तिन्हींतून अतिसूक्ष्म कण निघतात, आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू साधा फिल्टर अडवत नाही, तो बाहेरच घालवावा लागतो.

चिमणी शेगडी पेटवण्याआधी पाच मिनिटं सुरू करा आणि स्वयंपाक संपल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. शेगडीपासून तिची उंची कंपनीने दिलेली ठेवा, ती बहुधा २६ ते ३० इंच असते. त्याहून वर लावली की धूर बाजूने निसटतो. धूर बाहेर नेणारा पाइप, म्हणजे डक्ट, सहा इंचाचा, शक्य तितका आखूड आणि कमीत कमी वळणांचा हवा. कपाटात बसवताना चेपलेला लवचिक पाइप ही सर्रास आढळणारी चूक आहे: मोटर पूर्ण जोरात आवाज करते, पण हवा पुढे जात नाही. बाहेरच्या तोंडाची झडपही बघा. ती तेलाने चिकटून बसलेली असते किंवा तिथे कबुतराने काड्या भरलेल्या असतात. आणि चिमणी चालू असताना समोरच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. आत हवा यायला वाट नसेल तर चिमणी बाहेर काय फेकणार? डक्ट नसलेली चिमणी तेल थोडंफार अडवते, बाकी हवा घरातच परत सोडते. तिच्याऐवजी भिंतीत साधा एक्झॉस्ट फॅन जास्त उपयोगी.

इथेच एक गंभीर गोष्ट. कुठलाही प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड काढत नाही. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेच्या जागी, उदाहरणार्थ ड्राय बाल्कनीत, हलवून घ्या. खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या असतात म्हणून चालेल, असं समजू नका. या वायूला वास नसतो आणि आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

झाडलोट करताना आधी पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसा, मग ओला पोछा. केरसुणी वापरायचीच तर पंखा बंद ठेवून, हलक्या हाताने, आणि नंतर अर्धा तास मशीन पूर्ण वेगावर. कबुतरांची विष्ठा कधीही सुकी झाडू नका. तिची भुकटी वारंवार श्वासात गेल्याने फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते. तोंडाला एन-९५ मास्क, आधी पाणी शिंपडायचं, भिजल्यावर खरवडायचं, पिशवीत बांधायचं आणि त्यानंतर इमारतीच्या उभ्या डक्टला किंवा बाल्कनीला जाळी.

खोली बंद कशी करायची

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथली केसाळ पट्टी, म्हणजे वूल पाइल, चार-पाच वर्षांत झिजते आणि फटीतून धूळ आत येत राहते. ही पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. खिडकीच्या खोबणीची रुंदी मोजून न्या, जुनी पट्टी ओढून काढा, खोबण पुसा आणि नवी सरकवा. पल्ला उतरवावा लागतो, म्हणून वरच्या मजल्यावर हे काम फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या. दाराखालच्या फटीला दोन्ही बाजूंनी फोम असलेलं डोअर सील पुरतं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक बघायला विसरू नका, ते बरेचदा अर्धवट बुजवलेलं असतं.

खोली पूर्ण हवाबंद करायची नाही. दोन माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली की कार्बन डायऑक्साइड सहज २००० पीपीएमच्या वर जातो. बाहेर तो साधारण ४२० असतो. सकाळी डोकं जड वाटण्यामागे हेही एक कारण असू शकतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही आणि प्युरिफायर हा वायू कमी करत नाही. म्हणून खोलीचं दार घराच्या आतल्या बाजूला थोडं किलकिलं ठेवा आणि तेवढी जादा हवा गाळता येईल असं मशीन घ्या.

केवढं मशीन

खोक्यावर ‘५०० चौरस फुटांसाठी’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून द्या आणि सीएडीआर, म्हणजे क्लीन एअर डिलिव्हरी रेट, शोधा. मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, ते त्यात असतं. क्यूबिक फूट प्रति मिनिट या मापात दिला असेल तर १.७ ने गुणा.

खोली १२ बाय १० फूट आणि उंची साडेनऊ फूट धरा. घनफळ ११४० घनफूट, ३५.३ ने भागलं की साधारण ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळली जायला हवी, म्हणजे १६० सीएडीआर. पण हा आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि पूर्ण वेगावर मशिनचा आवाज इतका असतो की माणूस झोपताना ते कमी करतोच. ‘स्लीप’ मोडवर बहुतेक मशिनचा सीएडीआर पाव हिश्श्याच्या आसपास उतरतो. म्हणून दुप्पट घ्या: या खोलीला ३०० ते ३५० सीएडीआरचं मशीन, मध्यम वेगावर. लहान मशीन पिळून काढण्यापेक्षा मोठं मशीन निवांत चालवणं फिल्टरलाही मानवतं. विजेची काळजी नको. ४५ वॅटचं मशीन रोज दहा तास चाललं तर महिन्याला १३-१४ युनिट होतात.

फिल्टरबद्दल. हेपा म्हणजे अतिबारीक कण अडवणारा घडीदार फिल्टर. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि युरोपीय वर्गवारीतला एच-१३ सगळ्यात निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के. ०.३ हाच आकार का धरतात? मोठे कण सरळ धाग्यावर आदळतात, अगदी बारीक कण भरकटत जाऊन धाग्याला चिकटतात, आणि या मधल्या आकाराचे सुटायला बघतात. त्यामुळे तिथे फिल्टर टिकला की बाकी आकारांना तो टिकतोच. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ या शब्दांना कुठलंही मानक नाही. मात्र ९९.९५ की ९९.९७ यावर वेळ घालवू नका. किती हवा फिल्टरमधून जाते यावर निकाल ठरतो.

वासासाठी कार्बन, म्हणजे वास शोषणारा कोळसा, लागतो आणि तो वजनावर चालतो. काळी पूड भुरभुरलेली पातळ जाळी फार तर काही आठवडे काम देते. काही शे ग्रॅम दाणेदार कार्बन असेल तरच त्याचे वेगळे पैसे द्या, आणि पावसाळ्यात दमट हवेमुळे त्याची ताकद घटते हेही धरून चला. आयोनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभार सोडणाऱ्या सोयीचं, बटण बंद ठेवा. काही आयोनायझरमधून ओझोन तयार होतो आणि दमेकऱ्याला तो थेट त्रासदायक आहे. ओझोन जनरेटर तर घरात आणूच नये. कुंड्यांनी हवा शुद्ध होते ही समजूत नासाच्या १९८९ मधल्या बंदिस्त पेट्यांतल्या प्रयोगांवरून पसरली. २०१९ च्या एका परीक्षणात असं दिसलं की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील.

ठेवायचं कुठे

मशीन खोक्यातून काढल्यावर पहिलं काम: मागचं झाकण उघडा आणि फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढा. ती तशीच ठेवून महिनोन् महिने चालवलेली मशिनं आढळतात. पंखा फिरतो, आवाज येतो, दिवा हिरवा दिसतो, आणि एक कणही गाळला जात नाही.

भिंतीपासून फूट-दीड फूट मोकळं, पडद्यापासून आणि पलंगाच्या चादरीपासून दूर. कपाट आणि पलंग यांच्या सांदीत ठेवलं तर तीच हवा पुन्हा पुन्हा ओढली जाते. छताचा पंखा हळू चालू राहू द्या, हवा ढवळली जाते. झोपण्याआधी अर्धा तास पूर्ण वेग, मग मध्यम. ‘ऑटो’वर विसंबू नका: मशिनचा सेन्सर त्याच्याच शेजारची, आधीच गाळलेली हवा मोजतो आणि लवकर समाधान मानतो. स्वयंपाकघरात प्युरिफायर ठेवू नका. तेलाची वाफ फिल्टरवर बसली की तो चिकट होतो आणि पुन्हा साफ होत नाही.

एसीची जाळी फक्त मोठी धूळ अडवते. तिच्यावर वरून चिकटवायच्या फिल्टर-पट्ट्या लावल्या की हवेचा झोत कमी होतो आणि कॉइलवर बर्फ धरतो. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, त्याहून जास्त तिच्याकडून अपेक्षा नको.

मशीन खरंच काम करतंय का

मीटर असेल तर हे घरी तपासता येतं. खोली बंद करा, पंखा हळू ठेवा, मीटर खोलीच्या मधोमध आणि मशिनच्या झोतापासून दूर. एक उदबत्ती पीएम २.५ चा आकडा ३०० वर जाईपर्यंत जाळा, विझवून बाहेर न्या, आणि तुम्हीही बाहेर थांबा. आकडा ३०० वरून १५० वर यायला किती मिनिटं लागली ते आधी मशीन बंद ठेवून लिहा, मग चालू ठेवून.

समजा बंद असताना ६० मिनिटं लागली आणि मध्यम वेगावर ८. एक भागिले ८ म्हणजे ०.१२५, एक भागिले ६० म्हणजे ०.०१७. फरक ०.१०८. याला ४१.६ या ठरावीक आकड्याने (निम्म्यावर येण्याच्या मिनिटांवरून तासाचा हिशेब काढण्यासाठी) आणि खोलीच्या घनफळाने, इथे ३२ ने, गुणलं की साधारण १४४ येतात. मध्यम वेगावरचा हा खरा सीएडीआर. नवं मशीन आणलं की हा आकडा लिहून ठेवा. त्याच वेगावर तो निम्म्यावर आला की फिल्टर संपला. मशिनवरचा लाल दिवा बहुतेक वेळा फक्त तास मोजतो, फिल्टर किती भरला ते त्याला कळत नाही. शेजारी बांधकाम असेल तर दिवा लागण्याआधीच फिल्टर भरतो. स्वच्छ भागात तो दिव्यानंतरही चालतो. पावसाळ्यात ही चाचणी टाळा, दमट हवेत लेझर मीटर जास्त आकडा दाखवतो.

घरी बनवायचा खोका

हॉलसारख्या मोठ्या जागेला विकतचं मशीन महाग पडतं. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी सुचवलेला खोका इथे थोडा बदलून बनवता येतो. लागतं ते असं: मोठ्या इमारतींच्या मध्यवर्ती एसीचे (एअर हँडलिंग युनिटचे) फिल्टर बनवणाऱ्याकडून २० बाय २० बाय २ इंचाचे चार घडीदार फिल्टर, दर्जा एफ-७ किंवा मर्व्ह-१३ (हेपाच्या खालचे, पण बारीक कण अडवणारे दर्जे), बारा इंची, ९०० आरपीएमचा एक्झॉस्ट फॅन, २० इंची चौरस प्लायचे दोन तुकडे, रुंद चिकटपट्टी. फॅन आणि वायरिंगचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं.

चारही फिल्टर उभे करून चौकोन करा. प्रत्येकावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो आत वळलेला हवा. कोपरे आतून-बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. एक प्लाय तळाला. दुसऱ्याला फॅनच्या पात्यांच्या घेरापुरतंच गोल भोक पाडून फॅन असा बसवा की हवा खोक्यातून वर फेकली जाईल. भोक मोठं झालं तर पात्यांच्या कडेने हवा परत आत वळते आणि निम्मं काम वाया जातं. चार फिल्टर घेण्याचं कारण म्हणजे पृष्ठभाग वाढला की अडथळा घटतो; एक्झॉस्ट फॅनला फार दाब पेलत नाही. टेबल फॅनला एकच हेपा बांधला तर म्हणूनच जेमतेम हवा जाते. १४०० आरपीएमचा फॅन हवा जास्त देतो, पण घरात आवाज असह्य होतो. वर लोखंडी जाळी, तीन पिनचा अर्थिंग असलेला प्लग, आणि पहिले काही दिवस मोटर हाताला फार गरम लागत नाही ना ते बघा.

दिवाळी, गाजर गवत आणि बुरशी

पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सगळ्यात वर नागगोळी निघाली: दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. आवाज नाही म्हणून ती मुलांच्या हातात दिली जाते, तेही खाली वाकून बघायला. ती घरात आणूच नका. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सहाच्या आधी खिडक्या मिटा, मशीन पूर्ण वेगावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच खिडक्या उघडा.

गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागांनी शिंका व अंगाला खाज येणारे बरेच लोक इथे आहेत. पराग मोठे असतात, त्यामुळे मशीन ते सहज धरतं. पण सोसायटीच्या आवारातलं गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणं जास्त परिणामकारक.

पावसाळ्यात भिंतीला बुरशी दिसली तर प्युरिफायर तिचं मूळ काढत नाही. गळती बंद करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. एसी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं फक्त फॅनवर चालवला की कॉइल सुकते.

फिल्टरची निगा

बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी धुवा, सावलीत पूर्ण सुकवा, मगच बसवा. हेपाला पाणी लावू नका: धागे एकमेकांना चिकटतात आणि दमट राहिला तर त्यावरच बुरशी येते. वरवर दिसणारी धूळ मऊ ब्रशने घराबाहेर काढा, आतपर्यंत खरवडू नका.

दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फिल्टर घेताना घड्या मोजा, कडेची फोमची पट्टी चारही बाजूंनी अखंड आहे ना बघा आणि उजेडासमोर धरून भोकं तपासा. महिन्याभराने काढून त्याची स्वच्छ बाजू बघा. कडेला काळ्या रेघा उमटल्या असतील तर हवा फिल्टरच्या बाजूने निसटते आहे. तिथे खिडकीला लावतात तो फोम टेप लावला की फट भरते. बसवलेल्या दिवसाची तारीख चौकटीवर मार्करने लिहा.

जुना फिल्टर बदलताना मास्क लावा, बाल्कनीत काढा, आपटू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घट्ट बांधा, आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आत धुळीचा फिल्टर आहे हे तोंडी सांगा, म्हणजे वेगळं करताना त्या तो उघडणार नाहीत.